दोरीवरचं नाव

“डिझायनर, तुमच्या खेळात नरसू आलाय.”

रज्जाकभाईनं सायकल कारखान्याच्या भिंतीला टेकवली आणि खिडकीतूनच हे सांगितलं. मी ग्राफपेपरवर मोराची मान भरत होतो. ब्रश तिथंच थांबला, रंग पसरला आणि मोराला गलगंड झाला.

“कुठला नरसू?”

“कित्ते नरसू हैं तुमारे कारखान्यात? दिव्यांवर नाव आलं. न, र, सू. मैं खुद देखा. पब्लिकने भी देखा.”

नरसू आमच्याकडे एकच होता. कार्ड-पंचिंगवर बसायचा. आणि त्याला जाऊन सव्वा महिना झाला होता.

आता हे दिवे कुठले आणि खेळ कुठला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. परवा आमची धाकटी टीव्हीला खोकं जोडून गेम खेळत होती. पडद्यावर अक्षरं होती, बारीक चौकोनांची. ती उड्या मारत होती, फुटत होती, पुन्हा जुळत होती. मी सवयीनं चौकोन मोजले. तिला म्हटलं, हे आम्ही सोलापुरात तुझ्या जन्माआधी केलंय. ती “हो बाबा” म्हणाली. म्हणजे तिनं ऐकलं नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी एका चादरीच्या कारखान्यात डिझायनर होतो. डिझायनर म्हटलं की लोकांना मोठा कलावंत वाटतो. लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांनाही वाटलं होतं. प्रत्यक्षात मी दिवसभर चौकोन भरायचो. चादरीवर मोर, कमळ किंवा एखाद्या संस्थेचं नाव विणायचं असलं की आधी ते चौकोनांच्या कागदावर काढावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक धागा. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना भोकं पाडतात. या पट्ट्यांना आम्ही कार्ड म्हणतो. कार्डं दोरीनं एकामागं एक ओवली की साखळी होते, आणि ती मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढते. यंत्राच्या सुया कार्डावर येऊन टेकतात. भोक असलं तर सुई आत जाते, नसलं तर अडते. त्यावर कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. बस्स, एवढीच विद्या. हिच्या जोरावर मी घरी बऱ्याच बढाया मारल्या.

रज्जाकभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की मैदानावर तंबू टाकून तो दरवर्षी एखादा इलेक्ट्रिक चमत्कार दाखवायचा. एका वर्षी बोलणारी कवटी आणली होती. ती भविष्य सांगायची, पण मधेच तिच्यातून बाजारभाव ऐकू यायचे. त्या वर्षी तो मुंबईला जाऊन आला होता आणि तिथं एका हॉटेलात त्यानं टीव्हीच्या पडद्यावरचा परदेशी खेळ पाहिला होता. तसाच खेळ सोलापुरात करायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं. टीव्ही नव्हता, पण दिवे होते. रेडिओच्या काट्यामागं असतात तसले चारशे छोटे दिवे त्यानं एका फळीवर बसवले. वीस ओळी, ओळीत वीस. आता हे चारशे दिवे हवे तसे लावायचे-विझवायचे कसे, इथं तो अडला आणि चहा प्यायला माझ्याकडं आला.

आमच्या गोदामात एक जुनं जेकार्ड गंजत पडलं होतं. त्याला बरोबर चारशे सुया होत्या.

मालकांनी ते यंत्र यात्रेपुरतं दिलं. रज्जाकभाईनं प्रत्येक सुईमागं पत्र्याची पट्टी लावली आणि प्रत्येक पट्टीला एक दिवा जोडला. भोक असेल तिथं सुई आत जाणार, पट्टी जुळणार, दिवा लागणार. म्हणजे एक कार्ड हे फळीवरचं एक अख्खं चित्र. कार्ड पुढं सरकलं की चित्र बदलणार. सगळं यंत्र त्यानं फळीमागं एका पत्र्याच्या डब्यात बसवलं, पंख्याची मोटर जोडली आणि बाहेर एक बटण काढलं. बटण दाबलं की साखळी थांबे.

खेळ मी रचला. नाव ठेवलं ‘दोरी’.

आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते. मला ती लहानपणापासून वाळत घालायच्या दोरीसारखी दिसते आणि अक्षरं तिला लटकलेली. खेळात तेच होतं. आधी रेघ लागायची, मग तिच्याखाली शब्द यायचा, ‘कमळ’. मग रेघ दोन्ही टोकांनी एकेक दिव्यानं विझत यायची. मधला शेवटचा दिवा उरला असताना बटण दाबलं तर तुम्ही जिंकलात, प्लास्टिकचा कंगवा मिळायचा. उशीर झाला तर दोरी तुटायची आणि अक्षरं एकेक करून खाली पडायची. ‘मगर’ पडताना ‘ग’चा जबडा उघडायचा. ‘पतंग’ पडायचाच नाही, उलटा वर निघून जायचा आणि लोक फसायचे. हे सगळं मला सुचलं होतं. कार्डं मात्र नरसूनं पाडली.

त्यात मी एक चूक केली, ती आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. चादरीच्या ग्राफपेपरवरचे चौकोन खरे चौरस नसतात. कापडात उभे आणि आडवे धागे सारखे बसत नाहीत, म्हणून चौकोन मुद्दाम रुंद आणि बुटके छापलेले असतात. दिव्यांची फळी मात्र चौरस होती. मी हात गेला तो कागद घेतला आणि त्यावर छान गुबगुबीत अक्षरं काढली. नरसूनं पहिलं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, “अन्ना, ही अक्षरं लांबतील.” मी म्हटलं, तू भोकं पाड. फळीवर दिवे लागले तेव्हा अक्षरं उंच आणि हडकुळी झाली होती. मानेला दोरी बांधून लटकवल्यासारखी. दुरुस्त करायचं तर सगळी कार्डं पुन्हा पाडावी लागली असती. रज्जाकभाई म्हणाला, अच्छा है, पब्लिक घाबरेल.

नरसूचं पूर्ण नाव नरसय्या. तो पंचिंगवर बसायचा आणि त्याची बायको सत्तम्मा शेजारी ग्राफ घेऊन वाचून दाखवायची. ती हजेरीपटावर नव्हती, पण ती नसली तर नरसूचं कामच व्हायचं नाही. त्यांच्या घरची बोली तेलुगू. त्यामुळं आकडे तेलुगूत आणि बाकीचं आमच्यासाठी मराठीत असायचं. “रेंडु सोड, मूडु मार.” दोन चौकोन सोड, तिनाला भोक मार. दिवसभर त्या खोलीत हे चालायचं, एका सुरात. नवीन माणसाला वाटायचं की आत कुणीतरी जपाला बसलंय.

कार्ड पाडणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. साखळीच्या शेवटी, दोन चादरींमधल्या कापून टाकायच्या जागेत, ते आपली एक खूण पाडून ठेवतात. ती विणली जाते आणि कापली जाते, कुणाला दिसत नाही. आमच्या मालकांना हे बिलकूल खपत नसे. एकदा अशी खूण सरकून गिऱ्हाईकाच्या चादरीच्या काठावर उतरली आणि सगळा माल परत आला होता. तेव्हापासून प्रत्येक साखळी तपासून सही करायचं काम माझ्याकडं आलं.

खेळाच्या साखळीतही नरसूनं शेवटचं कार्ड आपलं पाडलं. खूण कसली, अख्खं नावच. चाचणी घेताना ते फळीवर लागलं तेव्हा मी भडकलो. यात्रेत येऊन लोकांनी पंचिंगवाल्याचं नाव वाचायचं का, असं काहीतरी बोललो. तंबूच्या दारावर लावायला ‘अक्षररचना: डिझायनर प्रभाकर’ अशी दोन फुटी पाटी मी स्वतः रंगवून ठेवली होती, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. कार्ड काढायचं तर साखळी उसवावी लागणार होती. नरसू म्हणाला, टिकल्या लावतो. चुकीचं भोक बुजवायला आम्ही कागदाची गोल टिकली खळीनं चिकटवतो. त्यानं सगळ्या भोकांना टिकल्या लावल्या. ते कार्ड काळं झालं. साखळी फिरून पुन्हा पहिल्या शब्दावर जाण्याआधी फळी क्षणभर अंधारायची, इतकंच. मी सही केली.

पुढच्याच आठवड्यात नरसूला कावीळ झाली. पंधरा दिवसांत तो गेला. सत्तम्मा, दोन लहान मुली आणि एक म्हातारी मागं राहिली. मालक भला माणूस होता. यात्रा उतरली की सत्तम्माला नरसूच्या जागेवर घेतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्याकडं पंचिंगवर बाई कधी बसली नव्हती. पण तिच्याइतकं ग्राफ वाचणारंही कुणी नव्हतं.

आणि आता रज्जाकभाई खिडकीत उभा होता.

मी त्याच्या सायकलवर मागं बसून मैदानावर गेलो. बाराचा सुमार. बाहेर पाळण्यांची करकर, पिपाण्या, उन्हात चकाकणारी भांडी. तंबूत शिरलो तर काळोख, कारण दिवे दिसावेत म्हणून रज्जाकभाईनं आतून काळं कापड लावलं होतं. वीसेक माणसं उभी होती आणि एरवी यात्रेतली माणसं उभी राहतात तशी नाही. कुणी खात नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. डब्यातून फक्त कार्डांचा आवाज येत होता. खट्. खट्. खट्. फळीवर ‘घर’ लटकलं होतं. त्याची दोरी विझली, घ पडला, मग र पडला. बटणाजवळ कुणी गेलंच नाही.

मग काळं कार्ड यायचं होतं. ते आलं. फळी अंधारली.

आणि त्या अंधारात एक दिवा लागला. मग लांब तिसरीकडं दुसरा. खेळात दिवे एकदम लागतात. हे एकेक लागत होते, आठवून आठवून लावल्यासारखे. वरची रेघ भरत आली. तिच्याखाली ‘न’ उतरला, उंच आणि हडकुळा. मग र. मग सू, त्याची शेपटी खालपर्यंत लोंबत.

कार्डांचा आवाज थांबला. साखळी उभी राहिली होती. बटणाला कुणाचा हात नव्हता.

आमच्या खेळातला एकही शब्द दोरीवर टिकायचा नाही. मी रचलाच होता तसा. मी त्या रेघेच्या टोकाकडं बघत राहिलो, आता पहिला दिवा विझेल म्हणून. तो विझेना. नाव नुसतं लटकून राहिलं, जरा थरथरत. कुणीतरी चप्पल काढून हात जोडले. आणि माझ्या मागून, कनातीच्या बाजूनं, अगदी हळू आवाज आला. “रेंडु सोड... रेंडु सोड...”

मी वळलो. काळं कापड होतं फक्त.

मग डब्यात काहीतरी कचकन झालं, साखळी सुटली आणि फळीवर ‘कमळ’ आलं. मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. अंगाला घाम होता. तो उन्हाचा होता, असं मी घरी सांगितलं.

दोन दिवसांत ही गोष्ट आमच्या कारखान्यात सगळ्यांपर्यंत पोहोचली. सकाळी नाव येत नाही, दुपारीच येतं, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. नरसूनं मरण्याआधी पाडलेली एक नवी साखळी तयार होती. ती मागावर चढवायला कुणी तयार होईना. आमच्यातले सगळ्यात जुने विणकर मल्लेशमामा. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, “त्याचं मन कार्डात अडकलंय, डिझायनर. बायको त्याच जागेवर बसली तर तो हितंच फिरणार. मग प्रत्येक मागावर तोच.”

मालकांनी मला आत बोलावलं.

“सत्तम्माला कांड्या भरायला ठेवू. पंचिंग नको.”

कांड्या भरणं म्हणजे रिकाम्या कांडीवर सूत गुंडाळणं. ते कुणालाही येतं आणि म्हणून त्याला पंचिंगच्या निम्मीही मजुरी नसते. मी म्हटलं, तिच्याइतकं ग्राफ कुणाला कळत नाही.

“ते मला कळतंय की ओ. पण लोकांनी माग बंद ठेवले तर तुम्ही चालवणार काय?”

“असं भूतबीत काही नसतं मालक.”

“नसतंय ना? मग मला सांगा, त्या साखळीत खूण होती?”

मी बोटावरचा रंग खरवडायला लागलो.

“तपासली होती का तुम्ही? सही आहे तुमची.”

“तपासली होती.”

“खूण नव्हती. भोक नव्हतं. आणि दिवा लागतोय. आता मी काय समजू?”

मला उत्तर देता आलं असतं. कार्डाला भोकं आहेत, मी पाहिलीत, मीच टिकल्या लावायला सांगितल्या आणि वर सही ठोकली, एवढं बोललो असतो तर पुरे होतं. पण मग पुढची सही करायला मी तिथं राहिलो असतो की नाही, सांगता येत नव्हतं. मी मान हलवून बाहेर आलो. नरसू आपल्या मरणानं भूत झाला नव्हता. तो माझ्या सहीनं झाला होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. मोराचा गलगंडसुद्धा. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुम्हाला भुताची भीती वाटतेय की मालकाची?”

“दोघांची.”

“मग आधी भुताचं बघून या. ते जवळ आहे.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत तंबूवर गेलो. रज्जाकभाई तिकिटाच्या टेबलावर फडकं मारत होता. “मैं अंदर नहीं आता,” म्हणाला आणि बॅटरी दिली. बोलणारी कवटी दाखवणारा माणूस.

फळीमागं गेलो, डब्याचं झाकण काढलं. पत्रा अजून गार होता. साखळी हातानं फिरवत शेवटच्या कार्डापर्यंत आणली. बॅटरी जवळ धरली.

कार्डावर टिकल्या होत्या. सगळ्या होत्या. पण एकही नीट चिकटलेली नव्हती. प्रत्येकीची एक कड धरून होती आणि बाकीची उचलली गेली होती, माशाच्या खवल्यासारखी. मी एकीला बोट लावलं तर ती पडली आणि मागं खळीची नुसती भुकटी राहिली. सकाळच्या गारव्यात टिकल्या भोकांवर बसून असत. दुपारी मोटर आणि चारशे दिव्यांनी डबा तापला की त्या सुटत. सुई टेकली की एकेक भोक मोकळं व्हायचं, म्हणून दिवे एकेक लागत. आणि लोंबणाऱ्या टिकल्यांनी कार्ड जाड झालं होतं, म्हणून साखळी तिथंच अडत होती. सगळं जुळलं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “आणखी टिकल्या पाडू नका, अन्ना.”

बॅटरी माझ्या हातातून पडली. उचलून फिरवली तर सत्तम्मा. कनातीचं मागचं टोक उचलून आत आली होती. डोक्यावर पदर, पायांवर धूळ.

“वहिनी, तुम्ही हितं?”

“रोज येते. बाराला. वाचते आणि जाते. आज तुम्हाला येताना बघितलं, म्हणून लवकर आले.”

मागून आलेला तो आवाज कुणाचा होता हे मला तेव्हा कळलं. ती नवऱ्याचं नाव वाचत होती. तिला वाचायची जी एकच रीत येत होती, त्या रीतीनं.

मी तिला टिकल्यांचं समजावून सांगायला लागलो. डबा तापतो, खळ सुटते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“खळ मीच केली होती, अन्ना,” ती म्हणाली. “ते म्हणाले, पातळ कर. घट्ट केलीस तर चिकटून बसेल. डबा तापला की सुटली पाहिजे. पहिल्याच दिवशी दुपारी, डिझायनरसाहेब फळीपुढं उभे असताना नाव लागलं पाहिजे.”

“माझ्यासमोर? कशाला?”

“तुमचं तोंड बघायचं होतं त्यांना. लई हसले होते रात्रभर.”

मी डब्याच्या कडेला बसलो.

“मग हे कुणाला सांगितलं का नाही तुम्ही?”

“काय सांगू? माझ्या माणसानं खूण पाडली, मालकाला फसवलं, खळ मी केली? मग मला पंचिंगवर कोण बसवतंय? म्हणून गप्प बसले. तर ते भूत झाले. भुताच्या बायकोलाही पंचिंग देत नाहीत. ते काल कळलं.”

तिच्या बोलण्यात कुठं रडू नव्हतं. ग्राफ वाचतानाचाच सूर होता तो.

मी तिला म्हटलं, उद्या बाराला या, पण पुढच्या दारानं या.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना, मल्लेशमामांना आणि चार विणकरांना घेऊन तंबूत गेलो. रज्जाकभाईनं बाहेर ‘शो बंद’ लिहिलं. सत्तम्मा कोपऱ्यात उभी राहिली. मोटर चालू केली आणि डबा तापायची वाट बघितली. एवढा वेळ आम्ही सगळे अंधारात शब्द पडताना बघत होतो. मग फळी काळी झाली. दिवे एकेक लागत गेले. न. र. सू. खटखट थांबली. मला आतलं कारण माहीत होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले, ते मी लपवत नाही.

मी झाकण काढलं. बॅटरी कार्डावर धरली आणि मालकांना सांगितलं. नाव नरसूनं पाडलं होतं. मी ते पाहिलं होतं. साखळी उसवायचा कंटाळा केला, टिकल्या लावायला सांगितल्या, आणि सही केली. परवा विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं. खळीबद्दल मी बोललो नाही, कारण ते सांगायचं की नाही, हे सत्तम्मानं ठरवायचं होतं.

मी येताना खळ आणली होती. रेघेतल्या एका भोकावर ताजी टिकली दाबली, साखळी पुन्हा टेकवली. रेघेतला एक दिवा विझलेला राहिला. टिकली काढली, दिवा लागला.

मल्लेशमामा पुढं आले. त्यांनी सुटलेली एक टिकली नखावर घेतली आणि दोन बोटांत चोळली. चाळीस वर्षं त्यांचा हात खळीत गेलेला होता.

“खळ पातळ हाय,” ते म्हणाले. मग अंधारात सत्तम्माकडं वळले. “पोरी, तू केलतीस?”

“व्हय मामा.”

“त्यानं सांगितलं म्हणून?”

“व्हय.”

मामा हसले की खोकले, नक्की कळलं नाही. पण विणकरांमधला एकजण हसला, हे मी ऐकलं. सत्तम्मा जवळ आली. तिनं कार्डावर बोट ठेवलं आणि कागद न बघता, दिवा न बघता, बोटानंच ते वाचायला लागली. “रेंडु सोड, पदहारु मार, रेंडु सोड.” दोन सोड, सोळा मार, दोन सोड. ती वरची रेघ होती. मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. वीसच्या वीस ओळी तिनं वाचल्या आणि एकदाही अडली नाही.

वाचून झाल्यावर मल्लेशमामा मालकांना म्हणाले, “हिला बसवा. माग चालतील.”

मालकांनी तिला बसवलं. मला काढलं नाही, पण साखळी तपासायचं काम माझ्याकडून काढून सत्तम्माकडंच दिलं. पुढची कित्येक वर्षं माझा प्रत्येक ग्राफ तिच्या हाताखालून गेला. पहिल्याच आठवड्यात तिनं मोर परत पाठवला. म्हणाली, “अन्ना, याच्या गळ्याला काय झालंय?”

नावाचं कार्ड साखळीतून उसवून मी तिला दिलं. तंबूच्या पाटीवर माझ्या नावाखाली ‘कार्ड: नरसय्या’ असं रंगवलं. अक्षरं माझ्या अक्षरांएवढीच घेतली, या वेळी चौकोन नीट मोजून. त्यानंतर नाव फळीवर यायचं कारणच उरलं नाही, आणि ते आलं नाही. रज्जाकभाई जरा खट्टू झाला. गर्दी कमी झाली होती.

यात्रेच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे गेलो, माझी बायकोसुद्धा. बाराला ‘घर’ पडलं. फळी काळी झाली. आणि कार्डांचा आवाज थांबला.

एकही दिवा लागला नाही. लागणार कुठून, नावाचं कार्डच नव्हतं. पण साखळी तिथं उभी राहिली आणि अंधारात सत्तम्मा हळूच मोजत होती, हे मला ऐकू आलं. वरच्या रेघेपासून शेपटीपर्यंत, सगळ्या ओळी. तिचं मोजून झालं तेव्हा साखळी सुटली आणि ‘कमळ’ लागलं.

रज्जाकभाईनं डबा उघडून पाहिलं. म्हणाला, कार्ड काढलं तिथं तुम्ही दोरीची गाठ मारली, ती जाड झाली, तिच्यात अडकतंय. पटण्यासारखं होतं. या प्रकरणातून मी जे शिकलो ते एवढंच की सही करण्याआधी खळ बघावी. गाठीचं कारण मी मान्य केलं. पण त्यावर कुणी सही मागितली असती तर मी केली नसती.